फ्यूजबॉक्सवरची स्कूटरवाली

मी काचेवरची बाई बोलतेय. कागदावरची नाही, कॅनव्हासवरची नाही, काचेवरची. हे आधीच सांगून टाकते, कारण येणारेजाणारे मला "ते पोस्टर" म्हणतात आणि माझं डोकं फिरतं.

माझा जन्म जर्मनीतला, घडवणारे हात इंडोनेशियातले आणि भाषा मराठी. हसू नका. चार वर्षं मी झिंडेलफिंगेनमधल्या एका मराठी घराच्या कॉरिडॉरमध्ये टांगलेली होते. मला कुणी शाळेत घातलं नाही, कुणी पुस्तक वाचून दाखवलं नाही. बूट घालता-काढताना माणसं जे बोलतात त्यावर मी मराठी शिकले. त्यामुळे माझ्या बोलण्यात जरा घाई आहे आणि जरा भांडण आहे. ते चालवून घ्या. नाही घेतलंत तरी मी बोलणारच.

मला काढलं तारसिनीनं. ती जावा बेटावरच्या चिरेबोन गावची. तिच्या घरात तीन पिढ्या काचेवर चित्रं काढतात. राजे, वाघ, हत्ती, सगळ्यांना सोनेरी काठ. तारसिनीनं राजे सोडून दिले. ती गल्लीतल्या बायका काढायची. चार्जर शोधणारी, पाण्याच्या जारवर बसून भाजी निवडणारी, नवऱ्याला फोनवर झापणारी. "राजांना पुष्कळांनी काढलंय," म्हणायची, "या बायांना कोण काढणार?"

स्टुटगार्टजवळ एका बंद पडलेल्या सुतारखान्यात इंडोनेशियाच्या तीन चित्रकारांना सहा महिने काम करायला बोलावलं होतं. तिघांच्या तीन तऱ्हा. वायान बाली बेटावरच्या बटुआन गावचा. तो काळ्या शाईचे पातळ थर एकावर एक देत कॅनव्हास भरायचा. कोपऱ्यातून सुरुवात करायची आणि बोटभर जागा मोकळी सोडायची नाही. पानाला पान चिकटलेलं दाट जंगल, आणि जवळ जाऊन पाहिलं की पानांमागे फोनवर स्वतःचा फोटो काढणारे पर्यटक, विमानं, बुलडोझर. मोकळी जागा दिसली की या माणसाचा हात आपोआप शाईकडे जायचा.

दुसरा गुंतूर, योग्यकर्त्याचा. त्याचा कॅनव्हास भिंतीएवढा, जमिनीवर अंथरलेला. रंग रोलरनं. त्याची माणसं टाके घातल्यासारखी शिवलेली, तोंडातून फुगे निघताहेत आणि फुग्यांत शिव्या. सिमेंटच्या कारखान्यावर राग, प्लॅस्टिकवर राग, जमिनी बळकावणाऱ्यांवर राग. एरवी माणूस इतका गरीब की मुंगी ओलांडून जायचा.

आणि तारसिनीची काच. आमच्या कामाची रीत उलटी. काचेच्या मागच्या बाजूनं काढायचं आणि पुढच्या बाजूनं पाहायचं. जे सगळ्यात पुढं दिसणार ते सगळ्यात आधी काढायचं. आधी डोळे, मग रेघा, मग अंगाचा रंग आणि शेवटी पाठीमागचं आकाश. कागदावर चुकलात तर वरून दुसरा हात देता येतो. काचेवर चूक सगळ्यात पुढं येऊन बसते आणि जन्मभर तिथंच राहते. म्हणून तारसिनी डोळे काढताना श्वास धरायची.

मी अशी आहे: सत्तरीची बाई, अंबाडा घट्ट, स्वतः स्कूटर चालवतेय. पायाशी तीन किलोचा हिरवा गॅस सिलिंडर. स्कूटरच्या नळकांड्यातून धूर निघतो, पण तो धूर म्हणजे चिरेबोनच्या कापडावरच्या जुन्या नक्षीतले ढग, पायऱ्या-पायऱ्यांचे, फिक्या निळ्यापासून गडद निळ्यापर्यंत सात निळ्यांचे. आणि बाकी काच? बाकी काच कोरी. स्वच्छ. आरपार.

त्यावरून वायानची आणि तिची जुंपली.

"बू, हे काय?" वायान म्हणाला. तिकडे मोठ्या बाईला 'बू' म्हणतात. "बाई झाली, ढग झाले. पाठीमागचं कधी भरणार?"

"नाही भरणार."

"म्हणजे अर्धवट सोडणार?"

"तू लग्नघरात पाहुणे कोंबावेत तसं चित्र भरतोस. माझी बाई ज्या खिडकीत टांगतील तिथल्या रस्त्यावरून जाईल. बर्फ पडला तर बर्फातून जाईल. तुझं जंगल जन्मभर तेच राहणार, हिचा रस्ता रोज नवा."

रोलर धुता-धुता गुंतूर म्हणाला, "आणि कुणी भिंतीवर टांगली तर?"

"तर ती भिंतीवर आदळेल. टांगणाऱ्याचं पाप."

माझ्या रंगाची ओल अजून वाळायची होती. तेव्हाच मला माझं भविष्य कळलं होतं असं म्हणायला हरकत नाही.

तारसिनी संध्याकाळी जर्मनच्या वर्गाला जायची. तिथं तिच्या शेजारी अरुंधती बसायची. पुण्याची, सॉफ्टवेअरमधली. दोघींचं जर्मन सारखंच लंगडं. त्या लंगड्या जर्मनमध्ये दोघींनी डबे वाटून खाल्ले, सासरमाहेर केलं आणि मैत्री झाली. परत जाताना तारसिनीनं मला बाटिकच्या कापडात गुंडाळून अरुंधतीच्या हातात दिलं. "खिडकीत," ती म्हणाली. बोटानं खिडकी दाखवली. "फक्त खिडकीत."

अरुंधतीला कळलं होतं. खोटं बोलणार नाही, तिला पूर्ण कळलं होतं. पण जर्मन खिडक्या आत उघडतात, वरून आत कलतात, आणि घरमालकाची सक्त ताकीद की दिवसातून दोनदा सगळ्या खिडक्या उघडून हवा खेळवायची, नाहीतर भिंतीला बुरशी. खिडकीत मला टांगलं तर पहिल्याच उघडझापीत माझे तुकडे. "तात्पुरतं कॉरिडॉरमध्ये लावू," ती नवऱ्याला म्हणाली. त्या घरात 'तात्पुरतं' या शब्दाइतकं टिकाऊ दुसरं काही मी पाहिलं नाही.

नवरा श्रीरंग. मोठ्या मोटारकारखान्यात इंजिनीअर, आणि त्याचं काम काय, तर गाडीची पुढची काच पत्र्याला चिकटवायची. बारा वर्षं तेच. त्यानं मला उलटं करून पाहिलं आणि दचकला.

"अरू, अगं मागून रंग उघडा आहे! एक ओरखडा पडला की खलास. थांब, मी प्रोटेक्ट करतो."

प्रेमानं केलं हो त्यानं. तेच तर दुखणं आहे, रागानं केलं असतं तर निदान शिव्या तरी घातल्या असत्या. गाडीची काच बसवतात तो काळा, जाड गोंद आणला. पाठीशी फोमचा काळा बोर्ड. चारी कडांनी गोंदाची सलग पट्टी, कुठं केसाएवढी फट नाही. आणि मध्ये हलू नये म्हणून चार मोठे ठिपके. एक ढगांवर, एक सिलिंडरवर, एक मागच्या चाकावर आणि एक बरोबर माझ्या चेहऱ्यामागे. नोव्हेंबरचा दिवस होता, बाहेर आठवडाभर धुकं. ती ओली हवा माझ्याबरोबर आत बंद झाली.

"आता भूकंप झाला तरी हिला काही होणार नाही," म्हणाला आणि अंगठा दाखवून फोटो काढून घेतला.

कॉरिडॉरमध्ये फ्यूजबॉक्सवर एक खिळा आधीपासून होता. नवं भोक पाडायला नको आणि ते पांढरं झाकणही लपेल. तिथं मी गेले. पुढे भिंत, मागे काळोख. स्कूटरचं चाक फिरायच्या आतच रस्ता संपला.

चार वर्षं. बिनखिडकीचा कॉरिडॉर, वीज वाचवायला दिवा बंद. मी माणसांना फक्त जाताना आणि येताना पाहिलं, मधलं जगणं कधी दिसलं नाही. एक पाय अनवाणी असताना माणसं फोनवर "निघालोच, पाच मिनिटांत पोचतो" म्हणतात. दार उघडण्याआधी पाहुण्यांबद्दल एक बोलतात, उघडल्यावर दुसरं. घरी आल्यावर किल्ली वाटीत टाकताना जो उसासा टाकतात तो घरात कुणालाच ऐकू जात नाही, मला जायचा. मिक्सर आणि ओव्हन एकदम लागले की फ्यूज उडायचा, मग मला खाली उतरवून बुटांच्या रॅककडे तोंड करून ठेवायचे. एकदा तीन दिवस तशीच विसरले. तीन दिवस मी श्रीरंगचे धावायचे बूट पाहत होते. त्या बुटांनी धावल्याचं मला कधी दिसलं नाही.

तारसिनीचा कधीमधी व्हिडिओ कॉल यायचा. "माझी बाई कुठल्या रस्त्यावरून जातेय?" ती विचारायची. आणि अरुंधती म्हणायची, "आत्ता रंगकाम चाललंय घरात, पुढच्या वेळी दाखवते." रंगकाम! चार वर्षं! फोन ठेवल्यावर ती माझ्यासमोरून मान खाली घालून जायची. मी तिला तेव्हाच माफ केलं असतं, पण माझे ओठ मिटलेले काढलेत.

तिसऱ्या हिवाळ्यात माझ्या आत पाणी साचायला लागलं. गारठा पडला की काचेच्या आतून बारीक थेंब, ऊब आली की गायब, पुन्हा थेंब. रंग काचेवरून सुटतो तेव्हा आवाज होत नाही. आधी फुगतो, मग भेगाळतो. चौथ्या हिवाळ्यात सातव्या निळ्याचा एक पापुद्रा गळून तळाला पडला. त्या दिवशी मी हिशोब मांडला की असाच आणखी एक हिवाळा गेला तर आत उरेल नुसता कचरा, आणि बाहेरून लोक म्हणतील, पोस्टर जुनं झालं, टाका.

आणि मग अहिल्याबाई आल्या.

श्रीरंगच्या आई. नव्वद दिवसांच्या व्हिसावर मिरजेहून. बुटक्या, काटक, बोटांवर जुन्या कापल्याच्या पांढऱ्या रेघा. बॅग खाली ठेवायच्या आधी माझ्यासमोर थबकल्या.

"श्री, ही कोण रे?"

"चित्र आहे आई. अरूच्या मैत्रिणीनं दिलंय."

"चित्र आहे ते दिसतंय मला. हिला आतून घाम का येतोय?"

"घाम कसा येईल? सील केलंय मी. आत काहीच जाऊ शकत नाही."

"आत जाऊ शकत नाही, कबूल. आतलं बाहेर कुठनं येणार?"

मला वाटलं, काच फोडून बाईच्या गळ्यात पडावं.

अहिल्याबाईंचं मिरजेत काच आणि फ्रेमचं दुकान होतं. नवरा वासुदेव लवकर गेला, दुकान गळ्यात पडलं. काच कापायला कुणी शिकवलं नाही. पहिल्या दिवशी अकरा काचा फोडल्या, बाराव्या दिवशी गिऱ्हाईक उभं करून सरळ रेघ मारून दाखवली. तीस वर्षं गावातले देव आणि लग्नाचे फोटो त्यांच्या हाताखालून गेले. हे सगळं मी कॉरिडॉरमध्ये ऐकलं, कारण मायलेकांचं भांडण रोज तिथंच व्हायचं, तो ऑफिसला निघताना.

"मागून उघड तिला."

"आल्झो आई, ऐक..." जर्मनमधलं हे 'तर मग' त्याच्या तोंडात बसलेलं.

"आल्झो-बिल्झो तुझ्या साहेबाला. उघड म्हणते."

"अगं तो गोंद सुटत नाही! सुटू नये म्हणूनच बनवलाय. ओढला तर रंग सोबत येईल. अरूच्या मैत्रिणीची आठवण आहे, मी नाही खराब करणार."

"खराब करून झालंय तुझं. तुझ्या गाडीत काच लावतोस, आत माणसं बसतात, पण त्यांना उतरायला दार ठेवलंय ना? हिला दार कुठंय?"

"मी बारा वर्षं काच चिकटवतोय, आई."

"आणि काच धरायला कुठं शिकलास? माझ्या दुकानातल्या तुकड्यांवर. तेव्हा फ्रेमच्या पाठीला भोक का ठेवायचं, विचारलं होतंस. काय सांगितलं होतं मी?"

श्रीरंग खाली वाकला. बुटाची नाडी दोनदा बांधली.

"हवा," शेवटी म्हणाला.

"बोल की मोठ्यानं."

"हवा लागते म्हणून. गेनाऊ, अगदी बरोबर. पण आता उशीर झालाय." आणि दार लावून गेला. जर्मन दारं धाडकन लागत नाहीत, त्यामुळे त्याचा राग वाया गेला.

दिवस जात होते. अहिल्याबाईंना परतायला नऊ दिवस उरले. त्या रोज सकाळी माझ्या काचेला पालथा हात लावून पाहत आणि मान हलवत आत जात. मला धास्ती बसली. या गेल्या की मला पाहणारं कुणी नाही. आणि तितकीच दुसरी धास्ती, यांनी उघडलं तर? चेहऱ्यामागचा तो ठिपका मला चांगला ठाऊक होता. आत राहिले तर हळूहळू मरणार, बाहेर काढलं तर एका झटक्यात. तुम्हीच सांगा, काय मागायचं?

शनिवारी सकाळी अहिल्याबाईंनी अरुंधतीला फोन लावायला सांगितलं.

"कुणाला, आई?"

"जिनं हिला जन्म दिला तिला. तिला न विचारता मी हात लावणार नाही, आणि तुझा नवराही लावणार नाही."

अरुंधतीचा चेहरा उतरला. "अहो आई, मी तिला खोटं सांगितलंय. चार वर्षं."

"मग आज खरं सांग. सुनेला खोटं बोलायला लावण्याइतकी मी मोठी सासू नाही."

फोन लागला. अरुंधतीनं मला पहिल्यांदा तारसिनीसमोर धरलं. काळी पाठ, थेंब, गळलेला निळा. तारसिनीनं ते सगळं पाहिलं. केस पिकले होते तिचे. अरुंधती रडत रडत जर्मनमध्ये माफी मागत होती. तारसिनीनं हात वर केला, पुरे.

अहिल्याबाई पुढं सरकल्या. "तिला विचार, आधी रेघ मारलीस का आधी रंग भरलास?"

अरुंधतीनं विचारलं. तारसिनीनं स्क्रीनजवळ येऊन या म्हाताऱ्या बाईकडे नीट पाहिलं. असा प्रश्न काचेवर हात कापून घेतलेलं माणूसच विचारू शकतं, हे तिला कळलं असावं.

"ती म्हणते, रेघ आधी. डोळे सगळ्यात आधी."

"मग सांग तिला, रंग जाईल थोडा. बाई राहील. काढू का?"

तारसिनी म्हणाली, "काढा." मग एक वाक्य आणखी. अरुंधतीनं डोळे पुसत सांगितलं, "म्हणते, चेहरा गेला तरी चालेल, पण तिला भिंतीतून काढा."

चेहरा माझा होता, विचारलं मला कुणीच नाही. पण विचारलं असतं तर मीही तेच म्हटलं असतं.

श्रीरंग दारात उभा होता. सगळं ऐकलं होतं त्यानं. आत गेला आणि बारीक पोलादी तार घेऊन आला. "गाडीची फुटकी काच आम्ही अशीच काढतो," म्हणाला. "गोंदात तार घालून करवतीसारखी ओढायची. पण दोन माणसं लागतात. एक आत, एक बाहेर."

"हे आधी का नाही बोललास?"

"तू विचारलंस कुठं? तू नुसती ओरडत होतीस."

"ओरडले नसते तर तार आणली असतीस?"

स्वयंपाकघरातल्या टेबलावर दुपट्याची घडी, त्यावर मी पालथी. तारेच्या दोन टोकांना दोन लाकडी चमचे बांधले. एका टोकाला आई, एका टोकाला मुलगा. अरुंधतीनं फोन वर धरलेला, त्यात तारसिनी. कोपऱ्यातून तार आत घुसली. तिचा आवाज मी कधी विसरणार नाही, जाड भाकरी दातांनी तोडावी तसा. "हळू, तुझ्याकडे ओढ... आता सोड... घाई काय आहे, कुठं शिफ्ट सुटतेय का तुझी?" दोन तास. चारी कडा सुटल्या. चाकामागचा ठिपका कापला, सिलिंडरमागचा कापला, ढगांमागचा कापला. चेहऱ्यापाशी अहिल्याबाई थांबल्या.

"इथं रंग आधीच सुटलाय," श्रीरंग म्हणाला. "तार लागली की येणार."

"येऊ दे. ओढ."

आला. माझ्या गालाचा, कपाळाचा, मानेचा सगळा सावळा रंग त्या काळ्या बोर्डाबरोबर निघून गेला. अहिल्याबाईंनी मला दोन्ही हातांनी उचललं आणि उजेडाकडे धरलं.

डोळे होते. नाक होतं. अंबाड्याची रेघ न रेघ होती. आणि रंग होता तिथं आता खिडकी होती, खिडकीत बर्चचं झाड होतं, आणि बर्चाच्या पांढऱ्या खोडावर माझ्या कपाळाच्या तीन सुरकुत्या होत्या.

फोनमधून तारसिनी एवढंच म्हणाली, "या." जर्मनमधला 'हो' की मराठीतलं बोलावणं, कुणास ठाऊक.

श्रीरंग दुसऱ्या दिवशी दुकानातून सावळा रंग आणायला निघाला होता, चेहरा भरून द्यायला. अहिल्याबाईंनी दारातून मागे फिरवला. "एकदा प्रोटेक्ट केलंस तेवढं पुरे." मग त्या घरातल्या एकेका खिडकीची मूठ फिरवत गेल्या, आणि बाल्कनीच्या दाराशेजारी एक उभी काच सापडली, जी उघडतच नाही. चार वर्षं ती तिथंच होती. दोन साखळ्यांनी मला तिथं टांगलं.

आता मी तिथंच आहे. पाठीवर गोंदाचे तीन काळे डाग आहेत, सातातले दोन निळे गेलेत, चेहरा नुसत्या रेघांचा. नवे पाहुणे विचारतात, हे अर्धवट का सोडलंय? अरुंधती आता मान खाली घालत नाही, बसवून सगळी हकिगत सांगते, स्वतःच्या खोट्यासकट. तुमच्या घरीही कुणी भिंतीशी तोंड करून टांगलेलं असेल, चित्र असेल, माणूस असेल. प्रेमानं चिकटवलंय म्हणून निश्चिंत राहू नका. जवळ जा, पालथा हात लावून बघा, आतून ओलं लागतंय का.

जानेवारीत अहिल्याबाई निघाल्या. टॅक्सीत बसण्याआधी त्यांनी खालून वर पाहिलं आणि श्रीरंगला ओरडून म्हणाल्या, "अरे, ही डावीकडे निघालीय!" श्रीरंग आतून, बाल्कनीच्या दारातून ओरडला, "नाही आई, उजवीकडे!" शेजारच्या जर्मन बाईनं पडदा सरकवून पाहिलं. टॅक्सीवाला हॉर्न वाजवेपर्यंत मायलेक वाद घालत होते.

घाला. आतल्यांना मी उजवीकडे जाताना दिसते, रस्त्यावरच्यांना डावीकडे. मी मात्र एकाच दिशेला चाललेय, आणि आता माझ्यापुढे भिंत नाही.